खंडेनवमीची सही

उचगाव, ता. करवीर
२६ ऑक्टोबर १९७८

कृष्णात,

वर आशीर्वाद लिवला न्हाय. तू घेणार न्हाईस, मग वाया कशाला घालवू? शालूबाईला आणि पोरांना मात्र सांग, थोरल्यानं आशीर्वाद धाडलाय म्हणून.

पिंपरीला काम लागलं म्हणं तुला. बरं झालं. पत्ता तुझ्या वहिनीनं तात्यांकडनं आणला. तात्या युनियनचं अध्यक्ष, मी गेलो असतो तर दारातनंच हाकललं असतं. चिमणाबाईला कोण हाकलतंय? ती जाती कुठंबी.

आता ऐक. गेटवर साऱ्या लोकांम्होरं तू मला म्हणलास, "ह्यो माझा भाऊ न्हवं, मालकाचा कुत्रा हाय." म्हणलास ते म्हणलास. पण युनियनचा सेक्रेटरी माणूस तू, गावाचं गाऱ्हाणं ऐकून घेतोस, आणि एवढं इचारायला तुला सवड न्हवती की, दादा, संप चालू असताना आत कशाला गेलतास?

मी कामावर गेलो न्हवतो. मी पूजेला गेलतो.

संपात मी कुठं कमी पडलो सांग की. अडीच महिने ताडपत्रीखाली बसलो. घोषणा देऊन घसा बसला तवा हळद-दूध पिऊन दुसऱ्या दिवशी परत आलो. पण त्या दिवशी खंडेनवमी हुती, मर्दा! बावीस वर्सं झाली, एक नवमी चुकली न्हाय. आदल्या दिवशी लेथ रॉकेलनं पुसून काढायची, पट्टा उतरवून खाली गुंडाळून ठेवायचा, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी चालू करू नये. मग नवमीला हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. त्या दिवशी मशीन झोपती, तिला कुणी उठवत न्हाय. तुला मीच शिकवलंय हे. तू कामाला लागलास तवा तुझ्या हातात पहिला नारळ मीच दिलता.

आणि त्या दिवशी सगळ्या उद्यमनगरात शेडाशेडातनं घंटा वाजायलेल्या, कापराचा वास सुटलेला, आणि आमच्या कारखान्यात अंधार. घरात तुझ्या वहिनीनं विळीला आन् खुरप्याला कुंकू लावलं, आणि माझी मशीन तिकडं अडीच महिन्यांच्या धुळीत. बसवलं न्हाय मला. उठलो आणि गेलो.

पण चोरून गेलो न्हाय, हे ध्यानात ठेव. मागल्या भिंतीवरनं उडी मारणारी माणसं वेगळी. मी पुढल्या गेटनं गेलो, दिवसाउजेडी, हातात नारळ धरून. गेटवर बंडू आणि तिघं बसलते, बाकीचे आपापल्या घरी पूजेला. बंडूनं इचारलं, "केरबामामा, कुठं?" म्हणलं, "पूजेला." त्यानं पाय बाजूला घेतलं. तासाभरात मी बाहीर.

आणि दसऱ्याला कंपनीनं फळ्यावर काय लावलं? "केरबा टर्नर नवमीला कामावर हजर. आठ तास. सतरा लायनर." मी तासाभरात बाहीर आलो हे बंडूनं सांगितलं, पण फळ्याम्होरं त्याचं कोण ऐकतंय? ते वाचून लोकांचा धीर सुटला, कोजागिरीपातूर निम्मी माणसं आत गेली, संप मोडला. तुला धरून एकोणीस जणांना कंपनीनं परत घेतलं न्हाय. मी पापी न्हाय, कृष्णात. इंजिनात बसत्यात ते सतरा लायनर मी लेथवर कातलं न्हाईत. एकबी न्हाय. ह्या हातानं त्या दिवशी फक्त कुंकू लावलंय.

एवढं वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

केरबा


उचगाव
१७ जानेवारी १९७९

कृष्णात,

शालूबाईचं कार्ड आलं. चारच ओळी. "पत्र पोचलं. वाचत न्हाईत, पण टाकूनबी देत न्हाईत. पेटीत ठेवलंय." शाणी हाय पोरगी. चिमणाबाईनं ते कार्ड तीनदा वाचून घेतलं माझ्याकडनं.

पेटीत तर पेटीत. पेटीला सांगतो.

कारखान्यात मी रोज जातो, सगळ्यांच्या आधी. चहाच्या सुट्टीला माझ्या बाकावर कोण बसत न्हाय. ऐसपैस बसतो. जे संप मोडून पहिल्या आठवड्यात आत गेले तेसुद्धा माझ्याकडं बघून थुकत्यात, म्हणजे बघ. त्यांना कुणीतरी पाहिजे हाय की, ज्याच्यामुळं आपण गेलो म्हणून सांगायला. सांगू देत. मान खाली घालून मी चालत न्हाय. मी घातली तर ती वर यायची न्हाय, हे मला ठावं हाय.

संक्रांतीला मात्र तुझ्या वहिनीचं तोंड बघवंना. अंगण सारवलं, तिळगूळ केला, सांजच्यापातूर दारात हुभी. गल्लीतली एक बाई हळदीकुंकवाला फिरकली न्हाय. शेवटाला तानाबाई आली, तिचा नवरा तुमच्या एकोणिसातला. कुंकू लावून घेतलं, तिळगूळ पदरात घेतला आणि म्हणली, "तिळगूळ घेते वैनी, पण गोड बोलायचं तेवढं सांगू नका." आणि गेली! चिमणाबाई रडली तवा मलाबी भरून आलं. पण काय बाई हाय! आवडली मला. आली की न्हाय?

आता एक गोष्ट सांगायची ऱ्हायलीय. गेल्या पत्रात लिवली न्हाय, कारण लिवताना लाज वाटली. त्या दिवशी गेटच्या आत गणपतराव वॉचमननं मला अडवलं. "नवा म्यानेजर म्हणतोय, सही केल्याबगर कुणाला आत सोडायचं न्हाय." हजेरीचं बुक म्होरं केलं. मी नारळ काखेत मारला आणि केली सही. बावीस वर्सं त्या बुकावर रोज सही केली, हात आपसूक गेला. पूजेला जाताना हजेरीवर सही कोण करतं, तूच म्हणशील. खुळा म्हण, गाढव म्हण. पण सहीच्या म्होरं तास आणि लायनर मी लिवलं न्हाईत. ती जागा कोरी हुती, ते माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

केरबा


उचगाव
८ जुलै १९७९

कृष्णात,

कोर्टाचा कागद आला. तुमच्या एकोणीस जणांच्या केशीत कंपनीनं मला साक्षीदार केलंय. तुला वकिलाकडनं कळलंच असंल, तरी माझ्या तोंडानं सांगतो.

कंपनी म्हणती, संप नवमीलाच संपला. त्या दिवशी कारखाना चालू हुता, काम निघालं, पुरावा म्हणून हजेरीचं पान हाय, त्यावर माझी सही आन् सतरा लायनर. म्हणजे त्यानंतर तुमी एकोणीस जण आपल्या मर्जीनं घरात बसला, आणि गैरहजर माणसाला काढायचा कंपनीला हक हाय. ते पान टिकलं तर तुमी गेला. पडलं तर कंपनी पडली.

परवा म्यानेजरनं आत बोलावलं. खुर्ची दिली. बावीस वर्सांत पहिल्यांदा त्या हाफिसात बसलो, आणि चहा आला तो कपबशीत. म्हणला, "केरबा, फोरमनची जागा रिकामी आहे. तुम्ही जास्त काही बोलायचं नाही. विचारतील, काम केलंत का? हो म्हणायचं. बस." मी चहा प्यालो. चांगला हुता. म्हणलं, "साहेब, खरं काय ते सांगीन." त्याला वाटलं मी व्हय म्हणलो. ह्यो माणूस नागपूरकडनं आलाय म्हणत्यात, नवमीला त्याला येऊन पाचच महिने झालते. हिकडच्या माणसाचं व्हय कसं असतं आन् न्हाय कसं असतं, त्याला अजून कळंना.

सांजचं तात्या आले. आत आले न्हाईत, अंगणात छत्री घेऊन हुभं. चिमणाबाईनं पाट टाकला, बसले न्हाईत. म्हणले, "केरबा, तुझ्यासंगं बोलायची माझी इच्छा न्हाय. पर एकोणीस चुली हायत. खरं सांग, एवढंच." म्हणलं, "तात्या, खोटं सांगाय मला येत असतं तर आज तुमी पाटावर बसला असता." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग छत्री मिटून भिजतच गेले, खुळा म्हातारा.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिवतोय ते. हे मी चिमणाबाईलाबी सांगितलेलं न्हाय.

नवमीला मी नारळ फोडत हुतो तवा म्यानेजर मागं येऊन हुभा ऱ्हायला. म्हणला, "ही लेथ जुनी झाली. पुढच्या आठवड्यात भंगारवाला येतोय. हं, तुम्ही दसऱ्यानंतर कामावर येणार असाल तर ठेवतो." मशीनच्या अंगावर हार हुता, कृष्णात. कुंकू वलं हुतं. आणि मी मान हलवली. तोंडानं बोललो न्हाय, पण व्हय म्हणून मान हलवली. तिथं बघायला आमी दोघंच. बाहीर येऊन बंडूला म्हणलो, "झाली पूजा," आणि ताडपत्रीखाली जाऊन बसलो, जसं काय झालंच न्हाय.

म्हणजे काम केलं न्हाय हे खरं. पण मी फुटलो हुतो, हेबी खरं. फळ्यावर खोटं लिवलं तवा मी वरडलो न्हाय, ते का, हे आता तुला कळलं असंल.

युनियनच्या वकिलाला एकट्याला सांगितलं. तो म्हणला, "मान हलवल्याचं कोर्टात काढू नका. कुणी पाहिलेलं नाही. पूजेचं सांगा आणि थांबा." वकील हुशार हाय. काय करायचं ते मी तुला इचारत न्हाय. सांगून ठेवतोय फक्त.

केरबा


उचगाव
२३ ऑगस्ट १९७९

कृष्णात,

तू आला न्हाईस. तुझी तारीख न्हवती, खरंय. पण मला वाटलतं येशील. बाकीचे अठराजण हुते, त्यांत बंडूबी, आणि तात्या हुते. चिमणाबाई नवं लुगडं नेसून मागल्या बाकावर बसलेली, जसं काय माझं लगीनच हाय.

कंपनीचा वकील हुभा ऱ्हायला. पान दाखवलं. "ही सही तुमची?"

"माझीच."

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही कामावर हजर होता."

"साहेब, तुमी कोल्हापूरचं न्हवं काय?"

लोक हसले. जज्जसाहेबांनी टेबल वाजवलं. वकील म्हणला, "विचारलं तेवढंच सांगा."

म्हणलं, "तेच सांगतोय की. त्या दिवशी खंडेनवमी हुती. खंडेनवमीला हिकडं मशीनला हळदकुंकू लावत्यात. पट्टा उतरवून ठेवत्यात. नवमीला मशीन चालवून मी घरात गेलो असतो तर ही मागं बसलेली बाई मला उंबरा वलांडू देईल काय? इचारा तिला." चिमणाबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि जोरात मान हलवली, न्हाय म्हणून. आता जज्जसाहेबसुद्धा हसले.

मग तुमच्या वकिलानं मागल्या सालांची हजेरी काढायला लावली. कंपनीचीच बुकं. सत्त्याहत्तरची नवमी, सुट्टी. शहात्तरची, सुट्टी. दहा वर्सं मागं गेले, दहाच्या दहा नवम्या सुट्टी. म्यानेजरचं तोंड बघायला पाहिजे हुतंस! आठ तास आणि सतरा लायनर लिवताना दिवस कुठला हे त्या शाण्यानं कुणाला इचारलंच न्हवतं. शिपायाला इचारलं असतं तरी सांगितलं असतं.

तिथं माझी साक्ष सरली असती. पण कंपनीचा वकील परत उठला. मांजरागत हळू बोलला. "म्हणजे तुम्ही मॅनेजरसाहेबांना कामावर येतो, असं काहीच कबूल केलं नाहीत? पूजा केली आणि निघालात?"

तुमचा वकील माझ्याकडं बघत हुता. डोळ्यांनी न्हाय न्हाय म्हणत हुता. आणि मला ठावं हुतं, मी "न्हाय" म्हणलो तर कुणाचा बा खोटं पाडू शकत न्हाय. म्यानेजरचा शब्द आता कोण धरतोय? अठरा जण बाकावर बसलेले. मघापासनं त्यांच्या तोंडावर माझ्याबद्दल काहीतरी बदललं हुतं, ते मला दिसत हुतं. दहा महिन्यांनी दिसत हुतं, कृष्णात. लई गोड वाटत हुतं ते.

म्हणलं, "केलं कबूल. मान हलवली."

कोर्टात गलका झाला. कोणतरी मागनं आईवरनं शिवी घातली. मी जज्जसाहेबांकडं बघून बोललो. "साहेब, ह्या म्यानेजरनं माझी मशीन भंगारात घालीन म्हणून सांगितलं आणि मी भ्यालो. दसऱ्यानंतर येतो म्हणून मान हलवली. संप चालू हुता तवा हलवली, म्हणजे मी माझ्या माणसांना सोडलं. हे मी आजपातूर कुणाला सांगितलं न्हाय. बायकोलाबी न्हाय. पण मान हलवली हे जेवढं खरं, तेवढं सतरा लायनर खोटं. एक लिवून घेणार असला तर दुसरंबी लिवून घ्या."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. मग लिवणाऱ्याला म्हणले, "दोन्ही घ्या."

बाहीर सगळे आपापल्या वाटंनं गेले. तात्या तेवढं जवळनं जाताना खांद्याला हात लावून गेले, तोबी लागला का लावला कुणास ठाऊक. उचगावच्या स्टॉपवर उतरलो, तर चिमणाबाई धा पावलं पुढं. घरापातूर तशीच. दारात वळून म्हणली, "ह्ये मला कोर्टात कळायचं हुतं व्हय?" मग दोन दिवस बोलली न्हाय. तिचं बरोबर हाय.

पण एक सांगू? त्या पिंजऱ्यातनं खाली उतरलो तवा छाती अशी भरून आलती. बावीस वर्सांत लई चांगली कामं केली ह्या हातांनी, पण एवढं सरळ कधी कातलं न्हवतं.

केरबा


उचगाव
४ मार्च १९८०

कृष्णात,

तू इथनं दोन मैलांवर गडमुडशिंगीत शालूबाईच्या माहेरी उतरलायस आणि मी तुला टपालानं लिवतोय. पोस्टमन हसला. हसू दे.

माझं तुला ठावं न्हाय, म्हणून सांगतो. साक्षीनंतर पंधराव्या दिवशी मला काढलं. मशीनबी भंगारात घातली. ट्रकावर चढवताना बघायला गेलतो. रडलो, खोटं कशाला सांगू? आता उचगावातच एकाच्या शेडमधी लेथवर हाय. मशीन बारकी हाय, पण मालक पोरगा मला मास्तर म्हणतो आणि माप चुकलं तर माझ्या शिव्या खातो. चाललंय.

निकाल लागला त्या सांजला तात्या पेढं घेऊन आले. ह्या खेपेला पाटावर बसले. म्हणले, "नवमीचं पान खोटं, असं जज्जानं लिवलंय. आणि वर लिवलंय की, साक्षीदारानं स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट आपण होऊन सांगितली, म्हणून त्याच्या शब्दावर भरवसा ठेवायला हरकत न्हाय. केरबा, तुझ्या मान हलवण्यानं आमची केस जिंकली की रे!" एकोणीसच्या एकोणीस परत कामावर. मग म्हणले, सभा घेतोय, तुला फेटा बांधायचाय. म्हणलं, "तात्या, पेढा खातो. फेटा नको. संपात मान हलवणाऱ्याला फेटा बांधला तर पुढल्या संपात काय कराल?" म्हाताऱ्यानं आणखी एक पेढा माझ्या हातावर ठेवला. मग म्हणला, "तुला काढल्याची केस तरी लढू दे." म्हणलं, ती लढा की, ती कुणी नको म्हणलंय?

आता कालचं, सोमवारचं.

मी सकाळी साडेसहालाच तिथं. गेटच्या समोर, रस्त्यापलीकडं, चहाच्या गाड्यापाशी हुभा. कामाला दांडी मारली. चिमणाबाईनं इस्त्रीचा शर्ट काढून दिला, म्हणली, "तुमी कुठं आत जाणार हाय? तरी घाला."

सातला तुमी आला. एकोणीस जण, कपाळाला गुलाल, हलगी म्होरं. तू सगळ्यात पुढं. वाळलायस जरा. बंडूनं पहिलं मला बघितलं आणि तिथनंच वरडला, "केरबामामा, राम राम!" मग एकेक वळायला लागला. कुणी हात केला, कुणी टोपी काढली. तानाबाईचा नवरा रस्ता वलांडून आला आणि कपाळाला गुलाल लावून गेला. मी मोजत हुतो. अठरा झाले.

तू वळला न्हाईस.

तुला दिसलो न्हाय असं न्हाय. तुझी मान आखडली ती मी बघितली, लहानपणी मी मारलं की अशीच आखडायचास. सरळ गेटकडं बघत गेलास, बुकावर सही केलीस आणि आत गेलास. सेक्रेटरीनं असंच जायला पाहिजे. जी माणसं दीड वर्स बायकापोरं घेऊन हाल काढत फिरली, त्यांचं वझं एका राम रामात उतरत न्हाय. त्या अठराजणांचं मन मोठं हाय, त्यांना माझा दंडवत. पण कुणीतरी एकानं ते इसरायचं न्हाय, ध्यानात ठेवायचं. ते तू ठेवलंस.

घरी आलो. चिमणाबाई ताट घेऊन वाटच बघत हुती. म्हणली, "काय झालं?" म्हणलं, "अठराजणांनी माफ केलं. एकानं न्हाय केलं."

"कोण ह्यो एवढा मोठा?"

म्हणलं, "माझा भाऊ हाय त्यो." आणि तुला सांगतो कृष्णात, ते म्हणताना माझा आवाज असा चढला की शेजारची बाळाबाई बाहीर येऊन बघाय लागली. मग बसलो आणि लई दिसांनी पोटभर जेवलो.

केरबा